माणसाला ‘नसलेले’ हाड

कवटीत हाडे किती, हा प्रश्न परीक्षेत एका गुणाचा असतो आणि त्याचे उत्तर २२ असे असते. मेंदूला झाकणारी आठ आणि चेहऱ्याची चौदा. उत्तर चूक नाही. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘कानातली सहा इवलीशी हाडे का धरली नाहीत?’ असे विचारले तर आकडा २८ होतो, आणि जिभेच्या मुळाशी असलेले कंठिकेचे हाड मोजले तर २९. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कवटी मोजायला घेतली तर हिशेब आणखीच बिघडतो. तिथे हाडांचे ४० हून अधिक सुटे भाग असतात. आपले कपाळाचे हाड एक, बाळाचे दोन. आपला खालचा जबडा एक, बाळाचा दोन भागांचा, हनुवटीच्या मध्यावर जोडलेला. आजी बाळाची टाळू तेलाने भरते तेव्हा तिच्या बोटाखाली जो मऊ, धडधडणारा भाग लागतो, ती हाडांच्या मधली अजून न बुजलेली जागाच असते. ती बहुधा दीड-दोन वर्षांत बुजते.

मोजणीतले हे मतभेद जुने आहेत. सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की वेद मानणारे ३६० हाडे सांगतात, शल्यतंत्राच्या मते मात्र ती ३०० आहेत. आजच्या २०६ शी या आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून लगेच हसण्याचे कारण नाही. त्या मोजणीत दातही हाडांत धरलेले आहेत. काय मोजायचे हे आधी ठरले तरच किती हे ठरते. आणि कधी मोजायचे, गर्भात, पाळण्यात की तिशीत, हेही ठरवावे लागते. ही दुसरी गोष्ट शरीररचनाशास्त्रज्ञांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. तो वेळ कसा गेला, हे वरच्या जबड्यातल्या एका लहानशा हाडाच्या इतिहासात चांगले दिसते.

आधी हे हाड ओळखून घेऊ. कुत्रा, गाय, घोडा, माकड, कोणताही सस्तन प्राणी घ्या. त्याच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोन हाडे असतात. मागच्या मोठ्या हाडात सुळा आणि दाढा बसवलेल्या असतात. पुढच्या लहान हाडात पटाशीचे दात. दोन्हींच्या मध्ये एक शिवण असते. कापडाच्या शिवणीसारखी दिसते म्हणून शरीरशास्त्रात तिला सीवनी म्हणतात. पुढच्या या हाडाला आज प्रीमॅक्सिला हे नाव आहे. जुने नाव इंटरमॅक्सिलरी, म्हणजे जबड्यांच्या मधले. या लेखापुरते आपण त्याला आंतरहनू म्हणू. खाटकाकडून बोकडाची मुंडी आणून शिजवली आणि मांस काढून टाकले तर नाकाच्या टोकाशी असलेली ही दोन चपटी हाडे सहज सुटी होऊन हातात येतात. बोकडाला वरचे पटाशीचे दात नसतात हे मुलांना ठाऊक असते. दात नाहीत, पण ते ज्या हाडात असायचे ते हाड मात्र आहे! ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता माणसाची कवटी समोरून पाहा. नाकाच्या भोकापासून दातांपर्यंत वरचा जबडा प्रत्येक बाजूला सलग एकच दिसतो. शिवण नाही. म्हणजे आंतरहनू नाही. निदान तसे दिसते.

या हाडाची पहिली नोंद करणारा गॅलेन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य रोमच्या बादशहांचा चिकित्सक होता. त्याने जे लिहिले ते पुढची तेराशे वर्षे युरोपात आणि अरबी वैद्यकात प्रमाण मानले गेले. गॅलेनने माणसाच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांचे वेगळे हाड सांगितले, आणि खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला आहे असेही सांगितले. त्याच्या काळी रोममध्ये मृत मानवी देहाची चिरफाड करण्याची प्रथा नव्हती. गॅलेनने चिरली ती उत्तर आफ्रिकेतली बार्बरी माकडे, डुकरे, बकऱ्या, बैल. जे त्यांच्यात दिसले ते माणसातही असणार, असे त्याने धरून चालले.

ही गोष्ट उघडकीस आणली अँड्रियस व्हेसॅलियसने. पादुआच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या या तरुणाने स्वतःच्या हाताने माणसांची प्रेते चिरून मानवी शरीराच्या रचनेवरचा आपला प्रचंड ग्रंथ १५४३ मध्ये बाझेल येथे छापून घेतला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. त्याच वर्षी कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे आपण विज्ञानाच्या इतिहासात शिकवतोच. व्हेसॅलियसच्या ग्रंथात एक विलक्षण चित्र आहे. कुत्र्याच्या कवटीवर माणसाची कवटी टेकवून ठेवली आहे. ही चित्रकाराची लहर नव्हे. गॅलेनने वर्णन केलेला जबडा खालच्या कवटीचा आहे, वरच्या कवटीचा नाही, एवढेच त्या चित्राला सांगायचे आहे. माणसाचा खालचा जबडा एकच हाड आहे आणि वरच्या जबड्यात वेगळे आंतरहनू नाही, असे त्याने ठामपणे लिहिले.

त्याचे पॅरिसमधले गुरू सिल्व्हियस भयंकर संतापले. १५५१ मध्ये त्यांनी एक पत्रक काढले आणि त्यात शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला ‘व्हेसानस’, म्हणजे वेडा, ठरवले. गॅलेन चुकणे शक्यच नाही. चुकत असेलच तर गॅलेननंतरच्या काळात माणसाचे शरीर बदलले असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज तो वाचून गंमत वाटते. पण ग्रंथातले विधान आणि डोळ्यांसमोरचे हाड यांत भांडण लागले की हाडालाच दोषी धरायचे, ही वृत्ती सोळाव्या शतकाबरोबर संपली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवायला हवी. कवटी उलटी करून टाळूकडून पाहिली, तर पटाशीच्या दातांच्या मागे एक खळगा असतो. तिथून एक अस्पष्ट रेघ दोन्ही बाजूंना निघून पटाशीचा शेवटचा दात आणि सुळा यांच्या मधल्या फटीकडे जाते. मुलांच्या कवटीत ती स्पष्ट असते, मोठ्यांच्या कवटीत कधी दिसते, कधी नाही. ही रेघ व्हेसॅलियसच्या नजरेतूनही सुटली नव्हती. पण ती चेहऱ्याच्या बाजूने दिसत नाही, हाडाला पूर्ण तोडत नाही. मग ते वेगळे हाड कसले? हा त्याचा निर्णय त्याच्यासमोरच्या पुराव्याला धरून होता.

पुढची दोनशे वर्षे या विषयावर फारसे कोणी भांडले नाही. अठराव्या शतकात मात्र या हाडाला एकाएकी महत्त्व आले. लिनियसने १७३५ मध्ये प्राण्यांचे वर्गीकरण करताना माणसाला माकडांच्या शेजारी नेऊन बसवले होते. त्यावर टीका झाली तेव्हा, माणसाला वानरापासून वेगळे काढणारे एखादे शारीरिक लक्षण असेल तर मला दाखवा, असे त्याने एका पत्रात विचारले. त्याच सुमारास पूर्वेकडच्या बेटांवरून ओरांग-उटान हॉलंडमध्ये येऊ लागले होते, आणि माणसाशी त्यांचे साम्य पाहून लोक अस्वस्थ होत होते. असे लक्षण सापडणे निकडीचे झाले होते.

ते सापडले असे पेट्रस कँपर या डच शरीररचनाशास्त्रज्ञाला वाटले. कँपर हा साधा माणूस नव्हे. त्याने ओरांग-उटान स्वतः चिरले होते, त्याच्या स्वरयंत्राची रचना पाहून हा प्राणी माणसासारखा बोलू शकणार नाही हे दाखवले होते आणि १७८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे : सर्व वानरांना आंतरहनू असते, माणसाला नसते. हीच माणूस आणि पशू यांच्यामधली सीमारेषा. जर्मनीतले ब्लूमेनबाख आणि झ्योमरिंग हे मान्यवर शास्त्रज्ञही याच मताचे होते.

याच कँपरने चेहऱ्याचा कोन मोजण्याची एक पद्धत काढली होती. चेहरा किती पुढे आलेला आहे हे आकड्यात सांगण्याची ती युक्ती, मुख्यतः चित्रकारांसाठी. सर्व माणसे एकाच मूळाची आहेत असे तो स्वतः मानत असे. पण एकोणिसाव्या शतकात इतरांनी हाच कोन घेऊन मानववंशांची उच्च-नीच उतरंड रचली आणि त्या उतरंडीला शास्त्राचा मुलामा दिला. कवट्या मोजण्याचा इतिहास शिकवताना हा भाग वगळू नये असे आम्हांला वाटते.

असो. या वादात पुढे जो उतरला तो शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो होता योहान वोल्फगांग फॉन गटे. ‘शाकुंतल’ वाचून जो डोक्यावर घेऊन नाचला असे आपल्याकडे सांगतात, तोच हा जर्मन महाकवी. (नाचल्याला पुरावा नाही, पण त्याने १७९१ मध्ये शाकुंतलावर स्तुतीची कविता लिहिली हे खरे.) गटे तेव्हा वायमार या छोट्या संस्थानात मंत्री होता. जवळच्या येना विद्यापीठात लोडर या प्राध्यापकाची शरीररचनेवरची व्याख्याने तो ऐके आणि त्याच्याबरोबर हाडे अभ्यासे.

गटेच्या मनात एक धारणा पक्की होती. निसर्ग सर्व सस्तन प्राणी एकाच आराखड्यावर घडवतो. त्या आराखड्यातला भाग एखाद्या प्राण्यात मोठा होईल, लहान होईल, आक्रसेल, पण साफ नाहीसा होणार नाही. बैलाला वरचे पटाशीचे दात नसून आंतरहनू आहे. माणसाला तर ते दात आहेत, मग ते बसवायचे हाडच नाही, हे कसे शक्य आहे? माणसाचे वेगळेपण एखाद्या सुट्या हाडात शोधणेच त्याला चुकीचे वाटत होते. त्याच्या मते ते संपूर्ण रचनेच्या मेळात आहे.

२७ मार्च १७८४ रोजी लोडरबरोबर माणसाच्या आणि प्राण्यांच्या कवट्या शेजारी शेजारी ठेवून पाहताना त्याला ती टाळूवरची रेघ पटली. त्याच रात्री त्याने हेर्डर या आपल्या विद्वान मित्राला पत्र लिहिले. सोने-चांदी नव्हे, पण त्याहून आनंद देणारी वस्तू सापडली आहे, माणसाचे आंतरहनू, आणि हे अद्याप कोणाला सांगू नकोस, असा त्याचा आशय होता. गटे तेव्हा ३४ वर्षांचा होता, पण पत्रातला हर्ष शाळकरी पोराचा आहे.

एका कवटीवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला कळत होते. त्याने मग निरनिराळ्या प्राण्यांचे आंतरहनू तपासण्याचा सपाटा लावला. हत्तीचे सुळे हे खरे तर सुळे नव्हेतच. ते पटाशीचे दात आहेत, म्हणून ते आंतरहनूत रोवलेले असतात. हे तपासायला झ्योमरिंगकडून कासेलहून हत्तीची कवटी मागवली. ती आली तेव्हा गटे आयझेनाखला मुक्कामाला होता. लोकांनी आपल्याला वेडा ठरवू नये म्हणून त्याने ती सगळ्यांत आतल्या खोलीत लपवली. घरमालकिणीची समजूत अशी की त्या अवाढव्य खोक्यात चिनी मातीची भांडी आहेत.

त्याने जो निबंध लिहिला त्याचे लॅटिन भाषांतर लोडरने केले. उत्तम चित्रे काढवून घेतली आणि हस्तलिखित मित्रांच्या हातून फिरत १७८५ च्या सप्टेंबरात कँपरकडे पोचले. कँपरचे उत्तर सभ्य होते. चित्रे सुंदर आहेत असे त्याने म्हटले. वॉलरसच्या पटाशीच्या दातांविषयी गटेचे निरीक्षण त्याने मान्य केले. आणि मुख्य मुद्दा साफ नाकारला. माणसाला आंतरहनू नाही. झ्योमरिंगचेही मन वळले नाही. गटे खट्टू झाला. व्यावसायिक शास्त्रज्ञ आपल्या समजुतींना चिकटून बसतात, अशी कुरकुर त्याने पुढे आयुष्यभर केली. निबंध छापला गेला तो १८२० मध्ये, लिहिल्यानंतर ३६ वर्षांनी. चित्रांसह तर १८३१ मध्ये, गटेच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. तोवर वाद जवळजवळ मिटला होता. ब्लूमेनबाखनेही मत बदलले होते. शिवाय पॅरिसमध्ये व्हिक-दाझीर या शास्त्रज्ञाने १७८० च्या सुमारास, म्हणजे गटेच्या आधीच, माणसाच्या कवटीत त्या शिवणीच्या खुणा नोंदवल्या होत्या. गटेला ते ठाऊक नव्हते.

ही कथा बहुधा ‘कवीने शास्त्रज्ञांना हरवले’ अशा थाटात सांगितली जाते. ती तशी सांगू नये. रेघ सगळ्यांनाच दिसत होती. व्हेसॅलियसला दिसली आणि त्याच्या नंतरच्यांनाही. भांडण होते ते त्या रेघेला काय म्हणायचे यावर. कँपरची व्याख्या होती : प्रौढ कवटीत सर्व बाजूंनी शिवणीने तुटलेले ते स्वतंत्र हाड. त्या व्याख्येने तो बरोबर होता. गटेची व्याख्या होती : इतर प्राण्यांत ज्या जागी, ज्या शेजाऱ्यांमध्ये जे हाड असते, त्याच जागी असलेला भाग म्हणजे तेच हाड, मग ते शेजाऱ्याला चिकटलेले का असेना. पुढे जीवशास्त्राने दुसरी व्याख्या उचलली, कारण तिने एक नवा प्रश्न विचारता आला : चिकटले असेल तर कधी चिकटले?

त्याचे उत्तर गर्भात आहे. मानवी गर्भ साधारण सात आठवड्यांचा असताना वरच्या जबड्यात हाड धरू लागते. पटाशीच्या दातांच्या भागात आणि त्यामागच्या भागात हाड तयार होण्याची केंद्रे जवळजवळ असतात आणि ती फार लवकर एकमेकांत मिसळतात. चेहऱ्याच्या बाजूला मागचे हाड पुढच्यावर वाढून शिवण जन्माच्या खूप आधीच पुसून टाकते. टाळूच्या बाजूला ती बराच काळ रेंगाळते. ओरांग-उटानच्या आणि गोरिलाच्या पिलांत ती चेहऱ्यावरही स्पष्ट दिसते. म्हणजे फरक हाड असण्या-नसण्याचा नाही, शिवण बुजण्याच्या वेळेचा आहे. बिचाऱ्या गॅलेनचे खालच्या जबड्याचे विधानसुद्धा प्रौढाबाबत चूक आणि नवजात बाळाबाबत खरे निघते! ते दोन अर्ध बहुधा पहिल्या वर्षातच सांधले जातात.

‘एकच आराखडा’ ही कल्पना दर वेळी बरोबरच ठरते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. गटेचीच पुढची कामगिरी त्याला साक्षी आहे. १७९० मध्ये व्हेनिसजवळ लिडोच्या वाळूत त्याच्या नोकराने मेंढीची एक फुटकी कवटी उचलून आणली. तिच्याकडे पाहताना गटेला सुचले की कवटी म्हणजे फुगलेले, पसरलेले मणकेच आहेत. हाच विचार लोरेन्ट्स ओकेन याने १८०७ मध्ये येनाला जाहीर व्याख्यानात मांडला आणि मग आधी कोणाला सुचले यावर कटुता माजली. इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेन या थोर शास्त्रज्ञाने १८४८ मध्ये या कल्पनेवर मोठी इमारत उभारली. कवटीत मणके किती यावर मात्र एकमत होईना. कोणी तीन मोजले, कोणी चार, कोणी सहा. खरे तर इथेच शंका यायला हवी होती.

१८५८ च्या जूनमध्ये टी. एच. हक्स्लेने रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात या सिद्धांताचा निकाल लावला. त्याने वाद प्रौढ कवट्यांवर घातलाच नाही. कवटी वाढते कशी ते दाखवले. पाठीचा कणा सुरुवातीपासून तुकड्यातुकड्यांनी बनतो. कवटीचा तळ तसा बनत नाही. कवटी आणि कणा शेजारी सुरू होतात आणि लगेच दोन वाटांनी जातात. (मानेला जोडलेला कवटीचा मागचा भाग मणक्यांसारख्या खंडांपासून बनतो, हे नंतर कळले. तेवढ्यापुरते गटे आणि ओकेन अगदीच रिकाम्या हाती गेले नाहीत.) ज्या गर्भाने आंतरहनूच्या बाबतीत गटेच्या बाजूने साक्ष दिली, त्यानेच मणक्यांच्या बाबतीत त्याच्याविरुद्ध दिली.

चेहऱ्याची हाडे मग येतात तरी कोठून? हाडे गर्भाच्या मधल्या थरातून बनतात असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. १८९३ मध्ये ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेने नेक्टुरस या सॅलमँडरच्या जातीच्या प्राण्याचे गर्भ अभ्यासून लिहिले की डोक्यातल्या काही कूर्चा बाहेरच्या थरातून आलेल्या पेशींपासून बनतात. ज्या थरातून त्वचा आणि मेंदू बनतो, त्याच थरातून! हे तेव्हाच्या मान्य सिद्धांताला सरळ छेद देणारे होते आणि बहुतेकांनी ते नाकारले. प्लॅटने १८९८ मध्ये जर्मनीत डॉक्टरेट मिळवली. तरी विद्यापीठात तिला जागा मिळाली नाही. तिने संशोधन सोडले. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावात ती राहिली आणि १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्या गावाची महापौर झाली. गावाला चांगली महापौर मिळाली असेल. गर्भविज्ञानाचे मात्र नुकसान झाले.

तिचे म्हणणे खरे होते. फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ यांनी १९६९ पासून एक सुरेख युक्ती वापरली. लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या केंद्रकाहून वेगळे ओळखू येते. लाव्याच्या गर्भातला इवलासा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवायचा आणि त्या पेशी कोठे जातात ते पाहायचे. मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात तिच्या पाठीकडच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि प्रवासाला निघतात. या पेशींच्या पट्टीला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्या चेहऱ्याकडे उतरतात आणि जबड्यांची, नाकाची, चेहऱ्याची जवळजवळ सगळी हाडे घडवतात. आपले आंतरहनूही त्यांचेच काम.

हे सगळे शिक्षकांनी का वाचावे, याचे एक कारण आपल्या अवतीभवतीच आहे. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना चेहरा सलग नसतो. कपाळाकडून एक उंचवटा खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन पुढे येतात आणि नाकाखाली ते एकमेकांना मिळतात. मधल्या उंचवट्यातून ओठाचा मधला भाग आणि पटाशीच्या दातांचा भाग बनतो. बाजूच्यांतून उरलेला ओठ आणि जबडा. ही भेट सातव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. टाळूचे दोन पडदे त्यानंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत सांधले जातात. काही कारणाने भेट चुकली की बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्मते. फट बहुधा पटाशीच्या शेवटच्या दाताच्या आसपास, म्हणजे आंतरहनूच्या सीमेजवळ असते. जगात दर ७०० ते १००० बाळांमागे साधारण एकाला ओठाचा किंवा टाळूचा असा दोष असतो.

आपल्याकडे अशा बाळाच्या आईला काय विचारले जाते ते सर्वांना ठाऊक आहे : ग्रहणात काही चिरले-कापले होतेस का? चाकू, विळी, कात्री, एवढेच काय सुईसुद्धा. आणि बहुतेकदा तिला नऊ महिन्यांतले काहीतरी आठवतेच, कारण स्वयंपाकघरात काही न चिरता कोण राहते! मग तो ठपका तिच्यावर जन्मभर राहतो. ओठ जुळण्याची वेळ सातव्या आठवड्याला संपते. कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे नुकते कुठे कळलेले असते. आठव्या महिन्यातल्या ग्रहणाने आधीच जुळलेला ओठ पुन्हा उसवत नाही. आणि ग्रहण म्हणजे सावली. ती सातव्या आठवड्यात पडली तरी पेशींना थांबवणारे तिच्यात काही नाही. या दोषात आनुवंशिकतेचा भाग असतो. धूम्रपान, अपस्माराची काही औषधे अशा गोष्टींमुळे धोका वाढतो. पुष्कळदा एकच एक कारण दाखवता येत नाही. नववी-दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी काही जणींना उद्या हा प्रश्न विचारला जाईल, आणि काही मुलगे तो प्रश्न विचारणाऱ्या घरांत असतील. आठवड्यांचा हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच होते, टाळूची साधारण दीड वर्षाच्या आत. ती वेळेवर झाली तर बोलणे सुधारण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून अशा बाळाला घरात लपवून ठेवू नये हेही त्याच तासाला सांगावे.

कधी कधी फट दोन्ही बाजूंना असते. तेव्हा मधला भाग, पटाशीच्या दातांच्या कोंबांसह, नाकाखाली सुटा पुढे आलेला दिसतो. त्याला मागे ओळीत आणणे हे शल्यचिकित्सकाचे पहिले काम असते आणि केसपेपरवर तो त्या भागाचे नाव ‘प्रीमॅक्सिला’ असेच लिहितो. कँपर आणि झ्योमरिंग यांना जे हाड माणसात असू शकत नाही असे वाटले, ते या बाळांत दोन बोटांच्या चिमटीत धरता येते.